एकोणीस नंबरच्या पंखाखालचा पिवळा क्रॉस

पटलं तर बघा. पण यातला शब्द न् शब्द खरा आहे. माझ्या साफ्ता मावशीबाबत घडलेली ही घटना.

सप्टेंबर १९४४. तुर्दा गावाबाहेरचं लढाऊ विमानांचं मैदान. तेही भर दुपारी.

तीन आठवड्यांपूर्वी आमच्या राजाने जर्मनांची साथ सोडली होती. कालचे दोस्त आज वैरी. वरून हुकूम आला, जर्मनांच्या साथीत असताना विमानांवर काढलेले पिवळे क्रॉस पुसा आणि आपलं जुनं तिरंगी वर्तुळ काढा. लाल, पिवळं, निळं.

घाई होती. कारण क्रॉस दिसला की खालून आपल्याच तोफा सुटणार होत्या.

साफ्ता चोवीस वर्षांची. तिथल्या कारखान्यात रंगारी. हे काम तिला लाझारने शिकवलं होतं. सगळे क्रॉस त्याच्याच हातचे. वसंतात बॉम्ब पडले त्या दिवशी तो गेला. बॉम्बपासून लपायच्या तळघराच्या बंद दारापासून दहा पावलांवर सापडला.

पंधरा विमानं बिनबोभाट रंगवून झाली. सोळावं होतं एकोणीस नंबरचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा वैमानिक कोस्मा तणतणत आला.

"साफ्ता! माझ्यावर कसला राग काढतेयस गं?"

"मी? काय केलं मी?"

"पंखाखाली जाऊन बघ. मला काय आपल्याच लोकांच्या हातून मरायचंय?"

ती वाकून आत गेली. डाव्या पंखाखाली काल काढलेलं वर्तुळ...

नव्हतं.

तिथे पिवळा क्रॉस होता.

खालचा जुना रंग वर आला असेल, म्हणून तिने बोट लावलं. बोट पिवळं झालं.

रंग ओला होता.

तिने पत्रा उघडा पडेपर्यंत सगळं खरवडलं. पुन्हा वर्तुळ काढलं. तिसऱ्या दिवशी सकाळी... पुन्हा क्रॉस.

आता कुजबुज सुरू झाली. जेवताना तिच्या शेजारी कोणी बसेना. कारखान्याचे मुख्य इफ्तिमिए मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, "तुझा भाऊ अजून जर्मनीतच राबतोय ना गं?"

"राबतोय. पण पिवळ्या रंगाच्या कपाटाची किल्ली तुमच्या कमरेला असते, मास्तर."

मास्तरांचा चेहरा पांढरा पडला.

कॅप्टनने दोघांना बोलावलं. "तिसरं कोणी त्या विमानाजवळ फिरकत नाही. आज वर्तुळ काढा आणि दोघं पंखाखाली समोरासमोर बसा. एकमेकांवर नजर ठेवा. आता पुन्हा क्रॉस आला तर एकाला घेऊन जातील. कोणाला, ते तुम्हीच ठरवा."

दुपारी बसले दोघं. मध्ये चार हातांचं अंतर. पलीकडे माणसं मक्याची मामालिगा खात होती, हसत होती. शेतात रातकिडे दिवसाही किरकिरत होते.

मग रातकिडे थांबले.

पलीकडचं हसणंही ऐकू येईना.

आणि डोक्यावर...

सर्र... सर्र...

ब्रशचा आवाज.

साफ्ताचे हात मांडीवर होते. मास्तरांचे गुडघ्यांवर.

वर्तुळावरून एक पिवळी रेघ सरकत होती. उजवीकडून डावीकडे. टोकाला जरा थांबली, दाबली गेली आणि तिथे हुकासारखा छोटासा आकडा उमटला.

लाझार डावखुरा होता. रेघ अशी ओढणारा, टोकाला असा आकडा सोडणारा दुसरा कोणी तिने पाहिला नव्हता.

तिने मास्तरांकडे बघितलं.

मास्तर पंखाकडे बघतच नव्हते. ते बघत होते पंखाच्या कडेला, मोकळ्या जागेत... समोर उभ्या माणसाच्या तोंडाकडे बघावं तसे.

त्यांचे ओठ हलले. काय म्हणाले, तिला ऐकू आलं नाही.

कॅप्टन आला तेव्हा क्रॉसवरून रंग ठिबकत होता.

"कोणी केलं?"

साफ्ताला उत्तर माहीत होतं. मेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं? वेडी ठरवतील, नाहीतर फितूर. ती खाली बघत राहिली.

मास्तर उठले. कमरेची किल्ली काढून कॅप्टनच्या हातावर ठेवली.

"चला," एवढंच म्हणाले.

साफ्ताने शेवटचं वर्तुळ काढलं. दुसऱ्या दिवशी ते जसंच्या तसं होतं. तिसऱ्या दिवशीही. क्रॉस परत कधीच आला नाही.

"बघा, म्हातारा गेला आणि सगळं थांबलं," लोक म्हणू लागले. कोस्मानेही तिची माफी मागितली.

दोन वर्षांनी मास्तर सुटून तिच्या दारात आले. हाडांचा नुसता सापळा. तिने बसायला सांगितलं, ते बसले नाहीत.

"तुलाही दिसलं होतं ना?"

"हो, मास्तर. मी बोलायला हवं होतं. चुकलं माझं."

"बरं झालं नाही बोललीस. बोलली असतीस तर मला सगळं सांगावं लागलं असतं."

"सगळं म्हणजे काय, मास्तर?"

"तळघराचं दार," एवढंच म्हणून ते फाटकाबाहेर पडले. पुन्हा कोणाला दिसले नाहीत.

मावशीने हे मला सांगितलं तेव्हा ती ऐंशीची होती. हाताची बोटं चोळत होती. मग म्हणाली, "मी भ्याले म्हणून गप्प बसले, असं मी लोकांना सांगते. पण खरं सांगू? लाझारचा हात मी ओळखला, मास्तरांचा चेहरा बघितला... आणि त्यांना न्यावं असं मलाच वाटलं. ते मला वाटलं, की दुसऱ्याच कोणी ते माझ्या मनात घातलं, हे मला अजून कळत नाही."