मोहिते आर्ट्सचं वळण

ऐक ना, मधे बोलू नकोस, आधी पूर्ण ऐक. कुणाचा हात लुळा पडला ना, की आता नुसता मसाज करत बसत नाहीत, वळण परत देतात. म्हणजे कसं, आपण एखाद्याचं काम गिरवून गिरवून शिकतो, तेव्हा त्याच्या हाताचा वेग, कुठं दाबायचं, कुठं सोडायचं, सगळं जसंच्या तसं आपल्या मेंदूत उमटतं. त्या ठशाला म्हणतात वळण. मग त्या माणसाचं गेलं, तर आपल्यातलं वाचून त्याच्या मेंदूत परत उमटवायचं. वळणरोपण. एका दुपारचं काम.

तर शर्वरी मोहिते. पुण्यात वेब डिझायनर, मूळची कराडची. तिचे वडील, नाना, दुकानांच्या पाट्या रंगवायचे. मोहिते आर्ट्स. ही लहानपणी वाळलेल्या पाट्यांवरची अक्षरं तासन्‌तास बोटानं गिरवत बसायची. पुढं बीकॉम अर्धं सोडलं, वेबसाइट करायला लागली, आणि निव्वळ तिची अक्षरं बघून लोक कामं द्यायचे. स्वतःच्या साइटवर तिनं लिहिलेलंच, माझ्या हातात वडिलांचा ब्रश आहे.

आणि मार्चमध्ये नानांना झटका आला. उजवा हात गेला. तो हात मांडीवर घ्यायचे आणि डाव्यानं कुरवाळत बसायचे, आजारी मांजर घेतल्यासारखे. शर्वरीनं लगेच रोपणासाठी नाव नोंदवलं.

आधी तपासणी असते, वळण खरंच त्याच माणसाचं आहे का. वाळलेल्या रंगाच्या जाडीवरून ब्रश किती वेगानं फिरला ते कळतं, म्हणून डॉक्टर कानडेबाईंनी वीस जुन्या पाट्या मागवल्या.

"तुमचं वळण यातल्या अकरा पाट्यांशी तंतोतंत जुळतं," त्या म्हणाल्या. "उरलेल्या नऊंशी अजिबात नाही."

"पण सगळ्या नानांच्याच आहेत. खाली कोपऱ्यात बघा, मोहिते आर्ट्स."

"ती सही दुकानाची. हात दोन आहेत."

शर्वरीनं पाट्यांवरची सालं बघितली, ती सहा वर्षांची झाल्यानंतरच्या सगळ्या त्या नऊंतच होत्या, म्हणजे अकरा पाट्यांवरचा हात नानांचा नव्हताच. यल्लाप्पा. नानांचा भागीदार. ती सहा वर्षांची असताना नानांनी त्याला हाकललेलं, माझी अक्षरं चोरतो म्हणून. गावभर सांगितलेलं. कराडात त्याला परत कुणी काम दिलं नाही, तो निपाणीला गेला.

"मग नानांचं स्वतःचं वळण?"

"ते कुणी गिरवलेलंच नाही. गेलं ते."

"म्हणजे रोपण होणार नाही?"

"होईल की. हात छान चालेल. मेंदूला हे कळत नाही हो, जे सहज जमतं ते त्याला आपलंच वाटतं. फक्त हे एकदाच करता येतं, तेव्हा त्यांना सगळं सांगून संमती घ्या."

ती नानांच्या कॉटशी गेली. "नाना, ते यल्लाप्पामामा..."

"त्या चोराचं नाव काढू नको. मला कवा नेतीस ते सांग."

शर्वरी बाहेर आली. कानडेबाईंना म्हणाली, "सांगितलं. हो म्हणाले."

चौथ्या दिवशी नानांनी ब्रश मागितला. आणि असला 'श्री' ओढला म्हणून सांगू, शर्वरीची आई तर पदर तोंडाला लावून आत गेली. नाना मात्र त्या अक्षराकडं बघतच बसले. शर्वरीला वाटलं, संपलं, ओळखलं यांनी.

"बघितलंस?" नाना म्हणाले. "हे माझं वळण. यल्ल्यानं किती चोरलं, पर हे असं त्याला जन्मात जमलं न्हाई. लाव त्याला फोन. येऊन बघू दे एकदा, गावाम्होरं."

तिनं टाळाटाळ केली, नाना ऐकेनात. शेवटी लावला. पलीकडून थकलेला आवाज आला, "बोला, कोण?"

आणि नानांनी फोन घ्यायला हात पुढं केलेला. उजवा.

तू तिच्या जागी असतास तर फोन दिला असतास? खरं सांग, काय केलं असतंस?