दाराने न ओळखलेली चाल

सांगलीजवळच्या वनस्पती-संवर्धन केंद्रात शीतकक्षाच्या दाराला कुलूप नव्हतं. दारापर्यंत आठ मीटरची एक पट्टी होती. तिच्यावरून माणूस चालला, की फरशीखालचे संवेदक पावलांचा भार मोजत, भिंतीतला कॅमेरा खांद्यांची हालचाल टिपे, आणि ओळख पटली की दार उघडे. सगळे या यंत्रणेला ‘चालओळख’ म्हणत. किल्ली हरवते, कष्टाच्या हातांचे ठसे झिजतात. चाल माणसाला सोडून जात नाही, असा त्यामागचा विचार.

शकुंतला वाघचौरे तिथल्या भांडारपाल. वय बावन्न. पहिल्या नोंदणीच्या दिवशी यंत्रणा सांभाळणाऱ्या फिरोजा मुजावरने पडद्यावर एक रेघांची आकृती दाखवली. मान पुढे काढून, खांदे आवळून, डावी टाच जेमतेम टेकवत ती चालली होती.

“ही कोण गं म्हातारी?” शकूताईंनी विचारलं.

फिरोजाने आकृतीखालच्या नावावर बोट ठेवलं. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.

शकूताई मुळात पाच फूट नऊ इंच. नववीत असताना आई म्हणाली होती, “एवढी ताठ चालतेस, नवरा काय शिडी लावून बघेल तुला?” त्या दिवसापासून त्यांनी स्वतःला दुमडायला सुरुवात केली. यथावकाश लग्न झालं, नवरा पुढे देवाघरीही गेला. पोक तेवढं राहिलं.

“हे सुधारेल का?”

“आधी कळायला हवं, ताई. आपण कधी वाकतो हे आपल्यालाच ठाऊक नसतं.” फिरोजाने त्यांना बुटात घालायचे दोन पातळ तळवे दिले. अंगाचा तोल ढळला की पावलाला हलकी झिणझिणी येई आणि ती जागा केंद्राच्या नकाशावर लाल ठिपक्याने उमटे.

तीन आठवड्यांनी दोघींनी नकाशा उघडला. जड नळकांडी वाहण्याच्या वाटेवर ठिपके असतील असं शकूताईंना वाटलं होतं. तिथे एकही नव्हता. ठिपके होते संचालक डॉ. राजाध्यक्षांच्या केबिनसमोर, जेवणाच्या टेबलांपाशी, आणि जिन्याखाली पुरुषमंडळी गप्पा मारत उभी राहतात तिथे.

“ओझ्याखाली मी ताठ असते की गं,” त्या सावकाश म्हणाल्या.

मग त्यांनी मनावर घेतलं. टाच आधी, मग चवडा. नजर समोर. केबिनसमोरून जाताना मुद्दाम दीर्घ श्वास. तीन महिन्यांत कंबरदुखी थांबली, आणि तळवेही त्यांनी काढून ठेवले. चालओळख जुन्या नोंदीपासूनचा थोडाफार फरक चालवून घेत होती, आणि झडप स्वयंचलित असल्याने गेल्या महिन्याभरात शीतकक्षात जायची वेळच आली नव्हती.

मार्चमधल्या एका सकाळी साडेदहाला भोंगा वाजला. शीतकक्षातली द्रवरूप नायट्रोजनची स्वयंचलित झडप अडकली होती. आत केळी आणि हळदीचे हजारो कोंब गोठवून ठेवलेले. ही पिकं बियांवर टिकत नाहीत. त्यांतले कितीतरी वाण आता कुठल्याच शेतात उरले नव्हते. तापमान उणे दीडशेवरून उणे एकशेचौतीसवर आलेलं. उणे एकशेवीस ओलांडलं, की कोंबांची नासाडी सुरू.

हाताने फिरवायची झडप आत होती. शकूताई हातमोजे चढवून पट्टीवरून झपझप निघाल्या.

लाल दिवा. “अनोळखी व्यक्ती.”

आत जायची परवानगी दुसऱ्या एकालाच होती, डॉ. राजाध्यक्षांना, आणि ते पुण्यात होते. फोनवरून ते ओरडले, “वाघचौरेबाई, पूर्वीसारखं जरा वाकून चाला ना! एकदाच!”

कोंबांसाठी त्या वाकल्याही. मान काढली, खांदे आवळले. लाल. पुन्हा चालल्या. लाल. टाच आपसूक पूर्ण टेकत होती. जुनी चाल आता नुसती नक्कल झाली होती. उणे एकशेतीस.

त्या सरळ झाल्या.

“सर, ती चाल आता माझ्याकडे नाही. नवी नोंद करायला परवानगी द्या.”

“अहो, सात फेऱ्या लागतात! वेळ कुठाय?”

“बोलण्यात जातोय, त्याहून कमी लागेल.”

फोनमधून उत्तर आलं, “करा.”

फिरोजाने पडद्यावर बोट ठेवलं. पहिली फेरी. दुसरी. तिसरी. भोंगा ऐकून माणसं गोळा झाली होती. चौथ्या फेरीला पट्टीच्या कडेला दहा-बारा पुरुष उभे होते. शकूताईंची मान किंचित पुढे झुकली. बुटात तळवे नव्हते, तरी पावलाला झिणझिणी जाणवली. हा इशारा आतूनच आला होता. त्यांनी नजर उचलली, पुरत्या पाच फूट नऊ इंच झाल्या आणि सर्वांच्या डोक्यांवरून दाराकडे बघत चालल्या. पाचवी. सहावी. सातवी.

हिरवा दिवा!

तापमान उणे एकशेचोवीसवर असताना झडप फिरली, आणि काटा पुन्हा खाली सरकू लागला. एकही कोंब गेला नाही. बाहेर आल्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि त्या टाळ्या शकूताईंनी मान खाली न घालता घेतल्या.

संध्याकाळी फिरोजाने विचारलं, “ताई, जुनी नोंद पुसून टाकू?”

“असू दे. तिनंही पुष्कळ वाट तुडवली आहे.”

काचेपलीकडे घरी निघालेली माणसं दिसत होती. कुणी भिंतीच्या कडेकडेने, कुणी छाती नको तितकी फुगवून. एक तरुण संशोधिका पुस्तकं छातीशी घट्ट धरून, पावलांचा आवाज होऊ न देता. शकूताई बराच वेळ बघत राहिल्या.

“फिरोजा,” त्या म्हणाल्या, “तुझं यंत्र या सगळ्यांना ओळखतं. पण यातल्या किती जणांची चाल त्यांची स्वतःची असेल गं?”