हर्षालीची ओ

मुरबाडला मी गेले होते ती शिलाई मशीनचा पट्टा आणायला. खर्डीहून शहापूर, तिथून एसटी. पट्टा पिशवीत पडला तेव्हा भर दुपार झाली होती. परत फिरायचं सोडून मी तिथेच राहणाऱ्या बंटीचं घर विचारत निघाले, कारण डोकं तापलेलं होतं. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर म्हणाल, संघरत्ना भ्यायली आणि काहीबाही सांगत सुटली. आम्ही बौद्ध. आमच्या घरात भुताखेतांना थारा नाही.

हर्षाली माझ्याकडे शिवणकाम शिकते. वरच्या पाड्यातली पोर, पण मोबाइलवरच्या लढाईच्या खेळात तिचा हात धरणारा आमच्या ग्रुपवर कोणी नव्हता. मीही होते त्या ग्रुपवर. पूर्वी तिथे हरलेल्यालाही कोणीतरी म्हणायचं, "छान खेळलास रे." मग बंटी अ‍ॅडमिन झाला आणि बळी तो कान पिळी सुरू झालं. कुणाची जात काढ, कुणाचं वजन काढ, कुणाची आई काढ. उचलली जीभ, लावली टाळ्याला! आणि बाकीची शेकडो माणसं, शिकलेली, नोकरीवाली, सगळी मूग गिळून बसलेली. नाहीतर हसणारी. मला त्या हसणाऱ्यांचाच जास्त राग येतो.

एकदा माइकवर बंटीने तिच्या बोलीची नक्कल करत हाक मारली, "हर्षाली गो!" पाड्यावर देतात तशी तिने ओ दिली, शेताच्या पलीकडे जाईल अशी लांबवून, "ओ... आले!" झालं. त्याने ती रेकॉर्ड करून ठेवली. खेळात कोणी मेलं की तोच आवाज वाजवायचा, आणि लोक लोळून हसायचे. "बंद करा ना दादा," म्हणाली, तर तिलाच ग्रुपबाहेर काढलं. तिची ओ मात्र ठेवून घेतली.

त्यानंतर हर्षालीचा आवाज बसत गेला. आधी घोगरा झाला, मग नुसती कुजबुज, मग ओठ हलायचे आणि आवाजच नाही. शहापूरच्या डॉक्टरांनी तपासलं. घशात काही नाही म्हणाले. तिची आई बारकी मला बाजूला घेऊन म्हणाली, "पयल्याच हाकेला ओ दिली गो पोरीनं. एका हाकेला ओ द्यायची नाय. माणूस असला तर परत हाक मारतो. ते परत मारत नाय... ओ घेऊन जातं."

"मग आणायची कशी परत?" मी चिडूनच विचारलं.

"जिथं ठेवलीय तिथं जायाचं, तिच्या नावानं हाक मारायची. पण मधी दुसऱ्या कोनी ओ दिली नाय पायजे, नायतर त्याची जाते."

मला ते काही पटलं नव्हतं. मी चालले होते ती बंटीला चार शब्द सुनवायला आणि तो आवाज पुसून घ्यायला.

दार त्याच्या आईने उघडलं. मी कोण, कुठली, तिने विचारलंच नाही. नुसतं वर बोट दाखवलं. तिच्या दोन्ही कानांत कापूस होता.

वरच्या खोलीत खिडक्यांना चादरी ठोकलेल्या. शिळ्या चहाचा आणि घामाचा कोंदट वास. ग्रुपवर सिंहाचा फोटो लावून सगळ्यांना दरडावणारा हा माणूस भिंतीला टेकून बसला होता, दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. पुढ्यात फोन, बंद.

"हर्षालीचा आवाज काढून टाक," मी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता. लाज नाही वाटत तुला?"

"कधीच काढला..." तो हळू म्हणाला. "फोन पण बदलला."

"खोटं बोलतोस!"

"ऐका तुमी..."

लाइट गेलेली होती. पंखा थांबलेला. आणि त्या काळ्या, बंद फोनमधून, दूरच्या बांधावरून यावी तशी आली... "ओ... आले..."

मी एक पाऊल मागे सरले. पण खरं सांगते, भीतीपेक्षा संताप मोठा होता. पोर तिकडे मुक्याने ओठ हलवत बसलीय, आणि तिची ओ इथे या घाणीत कोंडलेली! मी जोरात हाक मारली, "हर्षाली!"

खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. एवढा भेदरलेला माणूस, पण समोर ऐकणारं कोणी मिळालं आणि त्याचं तोंड वाकडं झालं. दात काढून, तिची नक्कल करत तोच म्हणाला, "ओ... आले!"

फोन गप्प झाला. बंटी काहीतरी बोलायला गेला. तोंड उघडलं, गळ्याच्या शिरा ताणल्या... आवाज नाही. परत उघडलं. नाही. तो माझ्याकडे बघत राहिला, आणि माझ्या पिशवीतला फोन वाजला.

"ताई," पलीकडून हर्षाली रडत होती, "मला बोलता येतंय गो!"

मी खाली आले तेव्हा त्याची आई पायरीवर बसून कानातला कापूस काढत होती. मला त्याची कीव आली नाही, येणारही नाही. ग्रुपवर तर बंटी कुठे गेला हे कोणी विचारलंदेखील नाही. आठवड्यात नवा राजा बसला आणि तीच हसणारी माणसं त्याच्यासाठी हसू लागली.

हर्षाली आता बडबडते, गाणी म्हणते. काल दुपारी आम्ही दोघीच शिवत होतो. फोन दोन्ही कपाटात. तेवढ्यात खिडकीपलीकडून बंटीच्या आवाजात हाक आली, "हर्षाली गो!"

मशीन सोडून मी झेप घेतली आणि तिच्या तोंडावर हात दाबला. तळहाताखाली तिचे ओठ गोल झालेले होते.

तशाच आम्ही बसून राहिलो, दुसऱ्या हाकेची वाट बघत. ती आलीच नाही.