सहा आठवड्यांचा अर्ज

चार वर्षं आईची खाट सांभाळून ती मोकळी झाली, तेव्हा वहिनीच म्हणाली, "जा गं, जरा जग बघून ये." म्हणून ती परदेशी पाठवणाऱ्या एका ऑफिसचा जिना चढत होती. वरून एकजण माहितीपत्रकांचा गठ्ठा घेऊन उतरत होता. गठ्ठा घसरला, आणि पाच-पंचवीस देश तिच्या पायांशी पसरले.

"उचला एखादा," तो हसला. "कुठला आवडतो?"

"जिथे मला कोणी ओळखत नाही, तो."

"मग सगळेच चालतील की!"

लोकांना थोड्या दिवसांसाठी परदेशी सेवाकार्याला पाठवणं, हेच त्याचं काम. सहा आठवडे तिथल्या कुटुंबात राहायचं, त्यांच्या भाषेत हसायचं-भांडायचं. ती दर शनिवारी जाई आणि काहीही न ठरवता परते.

"किनाऱ्यावरची कासवं सांभाळायचं काम नको?"

"फार हळू असतात हो."

"तुमच्यापेक्षा? ही पाचवी खेप!"

ती लाजली. बाहेर पाऊस लागला होता. त्यानं तिची ओली छत्री पंख्याखाली उघडून ठेवली.

"तुम्ही स्वतः कुठे गेलात?"

"मी? घरी बाबा अंथरुणाला खिळलेत. सहावं वर्ष..."

अर्जाच्या शेवटच्या दिवशी तिनं धीर केला. "मला जायचंच नाहीये. मी... तुझ्यासाठी येत होते."

"ठाऊक आहे," तो हळूच म्हणाला. "मीही कुठे घाई केली?"

"मग झालं तर! बाबांचं मी बघेन. कूस वळवणं, औषधं— आईचं चार वर्षं केलंय, मला सगळं येतं."

त्याचा चेहरा उतरला. "तेच नकोय मला. एका खाटेपासून उठलीस ती दुसरीपाशी बसायला?"

"मी आपणहून म्हणतेय."

"आज म्हणतेयस. पुढे बाबा कधी सुटतील याचे दिवस मोजशील... मी मोजतो. माझीच मला लाज वाटते."

तिनं मान खाली घातली. कारण आईच्या उशाशी बसून तिनंही तेच केलं होतं.

त्यानं अर्जावर 'डोंगरातली शाळा' या पर्यायापुढे खूण केली, कागद तिच्याकडे सरकवला. तिनं सही केली. "परत आल्यावर—"

"इथे येऊ नकोस," तो म्हणाला, आणि डोळे टेबलाकडेच ठेवले.

डोंगरातल्या घरी पहिल्याच आठवड्यात यजमानीणबाईंनी जेवताना विचारलं, "तिकडे कोणी वाट पाहतंय का?" त्या भाषेतले 'हो' आणि 'नाही' ती शिकली होती. दोन्ही ओठांवर येईनात. बाईंनी पाठीवरून हात फिरवला, तशी ताट पुढ्यात ठेवून ती हमसाहमशी रडली.