आल्यावर मारते

हुबळीच्या विद्यानगरातल्या एका कॉम्प्युटर क्लासच्या दुसऱ्या मजल्यावर तीन दिवसांत खेळ बनवण्याची स्पर्धा होती. साल दोन हजार नऊ, जानेवारी महिना. शुक्रवारी सकाळी दहाला विषय मिळणार आणि रविवारी दुपारी चारला चालता खेळ दाखवायचा, असा मामला. जोड्या नऊ, कॉम्प्युटर बारा, त्यातले तीन नुसते शोभेचे.

क्लासच्या सरांनी डब्यातून चिठ्ठी काढली आणि मोठ्यानं वाचली, "मनीग बा." म्हणजे कानडीत, घरी ये. सगळा हॉल हसला. दिवेलागणीला हुबळीतली प्रत्येक आई दारात उभी राहून हेच तर ओरडते. दीपश्रीही हसली, पण जरा उशिरा.

"चौकाबारा करू," ती गुरुप्रसादला म्हणाली. गुरुप्रसाद तिच्याच वर्गातला. तो चित्रं काढायचा, ती प्रोग्रॅम लिहायची.

"म्हाताऱ्यांचा खेळ गं तो."

"शेवटी घरीच जायचं असतं की त्यात. विषय आयता बसतोय."

ते खरंच होतं. पंचवीस चौकटींचा पट, चिंचोके टाकायचे आणि सोंगटी पुढे न्यायची. चारी बाजूंना मधोमध एकेक फुलीची चौकट, ते ज्याचं त्याचं दार. दारातून निघायचं, बाहेरचा फेरा पुरा करायचा, मग आतल्या फेऱ्यात शिरून मधल्या घरात पोचायचं. या मधल्या घराला दीपश्रीच्या कमरीपेठेतली पोरं मनी, म्हणजे घर, म्हणत. मारलेली सोंगटी परत आपल्या दारात जाते आणि पहिल्यापासून सुरू करते. आणि एक नियम भारी वाईट. दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आत जाता येत नाही. ज्यानं कुणाला मारलं नाही, त्यानं बाहेरच फिरत राहायचं.

कमरीपेठेतल्या दीपश्रीच्या घरात हा पट शहाबादी फरशीवरच कोरलेला होता. आई, थोरली बहीण श्यामलाअक्का आणि ती, तिघी खेळायच्या. वडील तिला आठवतही नव्हते. अक्काच्या सोंगट्या म्हणजे हिरव्या बांगडीचे तुकडे. शहाण्णव साली एका दुपारी अक्काची एकच सोंगटी बाहेर उरली होती, दीपाच्या सोंगटीमागे दोन घरं. अक्कानं चिंचोके टाकले. दोन पडले. नऊ वर्षांच्या दीपानं भोकाड पसरलं. तेवढ्यात आईनं आतून हाक मारली, गिरणीतून पिठाचा डबा आण म्हणून.

अक्का उठली. "रडू नको गं. आत्ता नाही मारत. आल्यावर मारते."

चौदा वर्षांची पोर. गिरणी चार घरं सोडून. पिठाचा डबा गिरणीत तसाच राहिला. गिरणीवाला शपथेवर सांगत होता, ती आलीच नाही.

त्या दिवसापासून आईनं, हेमावतीबाईंनी, दाराला आतून कडी लावली नाही. कुणी चुकून लावू नये म्हणून कडीला चिंधी बांधून ठेवली. तेरा वर्षं. कमरीपेठेला ते घर माहीत होतं, चोरांनाही असावं. कुणी त्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही.

यातलं काहीही दीपश्रीनं गुरुप्रसादला सांगितलं नव्हतं.

शनिवारी दुपारी त्यानं सोंगट्या काढून दाखवल्या. लाल, पिवळी, पांढरी, तिन्ही गोल. हिरवी मात्र वाकडी, बांगडीच्या तुकड्यासारखी, टोकाला सोनेरी ठिपका.

"ही अशी का काढलीस?"

"तूच सांगितलीस की."

"मी? कधी?"

तो तिच्याकडे बघत राहिला. "सकाळी. मागं उभी राहून सांगितलीस."

सकाळभर ती खुर्चीतून उठली नव्हती. दोन दिवस पडद्याकडे बघून माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही, असं म्हणून तिनं तो विषय सोडून दिला. खिडकीबाहेर बदामाच्या झाडावर ऊन निवांत पडलं होतं. पंखा फिरत होता. हॉलमध्ये इतकं शांत होतं, की सगळेच उघड्या डोळ्यांनी झोपलेत असं वाटावं.

लाल तिची आणि हिरवी कॉम्प्युटरची, असा खेळ लावून तिनं तपासायला घेतला. हिरवी शहाण्यासारखी खेळली. तिच्या तीन सोंगट्या तिनं नीट आत नेल्या. चौथी सोंगटी लालच्या मागे दोन घरांवर येऊन थांबली.

चिंचोके पडले, दोन.

हिरवी हलली नाही.

"एनातु, काय झालं?" गुरुप्रसाद वाकला. "मारायला पाहिजे होती की. मारता येत असेल तर मारायचंच, असं लिहिलंयस न तू?"

लिहिलं होतं. दीपश्रीनं ओळ न् ओळ वाचली. चूक नव्हती. पुन्हा खेळ सुरू केला. पुन्हा हिरवी तिथंच येऊन थांबली, दोन घरं मागे, आणि चिंचोके काहीही पडले तरी पाळी सोडत राहिली. अकरा वेळा खेळून बघितलं. अकराही वेळा तेच.

आणखी एक गोष्ट होती, ती गुरुप्रसादच्या लक्षात आली नाही. हिरवीनं आधीच्या तीन सोंगट्या आत नेल्या, त्याही कुणाला न मारता. नियम असताना ते व्हायला नको होतं. अक्काच्याही त्या दिवशी तशाच गेल्या होत्या. दीपा लहान म्हणून आईनं तेवढ्यापुरता नियम सोडला होता. शेवटच्या सोंगटीला मात्र नियम लागू, असं ठरलं होतं.

"मारल्याशिवाय आत नाही, तो नियमच काढून टाक," गुरुप्रसाद म्हणाला. "जाऊ दे बिचारीला घरी."

तिनं नियम काढला. आता वाट मोकळी होती. हिरवी तरीही तिथंच उभी राहिली.

दीपश्रीला तेव्हा भीती वाटली नाही. तिला फार वाईट वाटलं. शब्द दिला तो दिला, अशी होती अक्का. खेळातही लबाडी करायची नाही.

रविवारी सकाळी निघताना आई दारात आली. तिच्या हातात ती जुनी सोंगट्यांची डबी होती.

"दीपा, अक्काची चौथी सोंगटी तू घेतलीस काय?"

"नाही गं. मी कशाला घेऊ?"

"तीनच आहेत बघ. काल रात्री चार होत्या." आई खूप दिवसांनी हसली. "असू दे. निघाली असेल."

चारला पाच मिनिटं होती. परीक्षक पुढच्या टेबलापर्यंत आले होते. पडद्यावर हिरवी लालच्या मागे दोन घरांवर उभी होती.

तेरा वर्षं एकच गोष्ट दीपश्रीच्या मनात सलत होती. मी रडले नसते तर तिनं तेव्हाच मारलं असतं. मारलं असतं तर डाव संपवूनच उठली असती. ती गेली नसती.

ती पडद्याजवळ वाकली.

"अक्का," ती हळूच म्हणाली, "मी नाही रडत आता. मार. घरी ये."

चिंचोके पडले.

दोन.

हिरवी हलली. एक घर. दुसरं घर. लाल सोंगटी उचलली गेली आणि आपल्या दारात जाऊन बसली. हिरवी वळली, आतल्या फेऱ्यात शिरली आणि भराभर मध्ये पोचली.

"अरे, आली की घरी!" गुरुप्रसाद टाळ्या वाजवत ओरडला. मग तो बाजूला वळला आणि थोडा गोंधळला. दीपश्रीकडेच बघत त्यानं विचारलं, "तुम्ही... कुठल्या जोडीतल्या?"

थट्टाच करत असेल, असं दीपश्रीला वाटलं. बक्षिसाला न थांबता ती निघाली.

कमरीपेठेत ती पोचली तेव्हा दिवे लागत होते. गिरणी चालू होती. गिरणीवाल्यानं नेहमीसारखी मान हलवली नाही.

घराचं दार लोटलेलं होतं. आत फरशीवर चिंचोके पडल्याचा आवाज आला. ताज्या पिठाचा वास येत होता.

"आई, माझी मनी झाली!" एक मुलगी म्हणाली. आवाज चौदा वर्षांचा.

दीपश्रीचे डोळे भरून आले. तिनं दार ढकलायला हात पुढे केला. "आई! मी आलेय, दीपा!"

आत चिंचोक्यांचा आवाज थांबला.

"दारात कुणीतरी आहे गं आई."

"असेल कुणी वाट चुकलेलं," आई म्हणाली. तिच्या आवाजात तेरा वर्षांत नव्हतं एवढं सुख होतं. "दार लाव बघू आता. आपली सगळी माणसं आली घरात."

आतून कडी लागली. गंजलेली होती, पण लागली.

दाराखालच्या फटीतून कडीची ती जुनी चिंधी बाहेर सरकली आणि दीपश्रीच्या पायाशी येऊन पडली.