सातवा थांबा

शीतकक्षात उणे वीस अंश होते आणि काचेपलीकडे तापपुतळा फिरत्या पट्ट्यावर चढ चढत होता. माणसाएवढा धातूचा पुतळा, अंगातून माणसाइतकीच उष्णता बाहेर टाकणारा. त्याला पातळ, करड्या रंगाचं जाकीट घातलेलं होतं. काचेच्या अलीकडे श्रीधर खोपकर तुळशीराम भांगरेची सॅक टेबलावर रिकामी करत होते.

“जीन्स कशाला?”

“एक जादा असावी म्हणून, अण्णा.”

“भिजली की दुप्पट जड. वाळायला तीन दिवस. ही घरी.” खोपकरांनी पुढची वस्तू उचलली. “सुती बनियन?”

“अंगाला बरी वाटते.”

“घाम धरून ठेवते. चालतोस तोवर बरी वाटते, थांबलास की तोच घाम पाठ गोठवतो. आत लोकरीचं घाल. टोचलं म्हणून कोणी मेलेलं नाही.”

तळाशी स्टीलचा डबा निघाला.

“बायकोनं लाडू दिलेत,” तुळशीराम म्हणाला.

“लाडू पिशवीत भर. डबा घरी.”

“ती विचारेल, डबा का ठेवलास?”

“माझं नाव सांग. तसाही तुमच्या आठही घरांत मला शिव्याच पडतात.”

तुळशीराम गिरीमदत पथकाचा म्होरक्या. आठ जणांचं त्याचं पथक दहा दिवसांनी हिमाचलातल्या एका उंच ठाण्यावर हिवाळाभरासाठी निघणार होतं. बर्फात अडकलेल्या माणसांना खाली आणायचं काम. पथकानं काय घालायचं आणि काय न्यायचं, हे खोपकर ठरवत. तीस वर्षं तेच काम. टेबलावर वजनकाटा आणि शेजारी यादी. यादीत नाही ती वस्तू सॅकमध्ये नाही, इतका साधा नियम होता. तो मोडायचं धाडस आजवर कोणी केलं नव्हतं.

या वेळी यादीतली एकच ओळ रिकामी होती. जाकीट. नाशिकच्या या प्रयोगशाळेत घडवून तीन वर्षं तपासलेलं पूर्वतापी कापड घ्यायचं, की नेहमीचे पिसांचे जाड कोट? नव्या जाकिटांमुळे माणशी दोन किलो वाचत होते, म्हणजे पथकाला आणखी एक स्ट्रेचर आणि दोर नेता आला असता. निकालाच्या कागदावर सही खोपकरांची लागणार होती, कारण सगळ्यांत जास्त वापरलेलं जाकीट त्यांचंच होतं.

डॉ. इरावती केळशीकर आत आली. हे कापड तिच्या डोक्यातून निघालं होतं. तिनं पुतळ्याकडे पाहिलं आणि मग खोपकरांकडे.

“अण्णा, सही?”

“करतो. पण नापसंत लिहिणार आहे, बाई.”

इरावती खुर्चीवर बसली. “पुतळ्याच्या सगळ्या चाचण्या पास झाल्यात.”

“पुतळा पास झाला. मी नापास झालो. डोंगरावर दुपारी थांबलो की माझी पाठ गार पडते. आधी वाटलं, माझंच वय झालं. मग हात मागे घालून पाहिलं. पाठीचं कापड कागदासारखं पातळ होतं. हा प्रकार वर्षभर चाललाय. माझं जाकीट तीन वर्षांचं आहे. आज माझं बिघडलं, तर तीन वर्षांनी यांची बिघडतील. कुठे? बर्फात.”

“थांबा थांबा,” तुळशीराम म्हणाला. “मला आधी एक सांगा. कापड आपोआप पातळ होतंच कसं?”

“यात स्फीतितंतू आहेत,” इरावती म्हणाली. “फुगले की कापड जाड होतं, आत हवा राहते, ऊब टिकते. बसले की कापड पातळ होतं आणि उष्णता बाहेर जाते.”

“म्हणजे थंडी वाजली की फुगतात.”

“तसं असतं तर उपयोग नव्हता. थंडी वाजते तोवर अंगातली उष्णता गेलेली असते. कापडानं पाच मिनिटं आधी तयारी करायला हवी. त्यासाठी ते घालणाऱ्याच्या सवयी शिकतं. हा माणूस किती चालला की तापतो, बसला की किती वेळात गार पडतो, पाठ आधी की छाती आधी. नोंद सगळ्या थांब्यांची राहते, पण अंदाजासाठी कापड मागचे चाळीसच धरतं. त्यांतल्या अर्ध्याहून जास्त वेळा जे घडलं, ते पुन्हा घडेल असं ते धरून चालतं. नवा थांबा आला की सगळ्यांत जुना गळतो.”

“मग अण्णांचं कापड काय धरून चाललंय?”

इरावती पडद्याकडे वळली. तिनं खोपकरांच्या जाकिटाची तंतुस्मृती, म्हणजे तंतूंनी साठवलेली तीन वर्षांची नोंद, पडद्यावर घेतली. जाकिटाच्या आतली आणि बाहेरची बाजू किती तापली, याच्या दोन रेषा होत्या. तिनं त्या सुरुवातीपासून सरकवायला घेतल्या.

“कापड बिघडलेलं नाही,” ती शेवटी म्हणाली. “तुम्ही चालायचे थांबता, सॅक उतरवता, बसता. एवढं झालं की याला वाटतं, आता पाठीला बाहेरून ऊब मिळणार. म्हणून ते आधीच पातळ होतं, तुम्हाला उकडू नये म्हणून. पुतळा कधी सॅक उतरवून बसत नाही, त्यामुळे इथे ते दिसलंच नाही.”

“बाहेरून ऊब कुठून येणार?”

“तेच तुम्हाला विचारतेय. पहिली दोन वर्षं जवळजवळ प्रत्येक थांब्याला आलेली आहे. साधारण माणसाच्या अंगाइतकी. पाठभर.”

खोपकरांनी हातातला डबा टेबलावर ठेवला.

“कुमुद,” ते म्हणाले.

कुमुद त्यांची बायको. दर रविवारी दोघं डोंगरावर जात, पाच थांबे घेत आणि प्रत्येक थांब्याला पाठीला पाठ लावून बसत. जुन्या चालणाऱ्यांची ही रीतच आहे. टेकायला खडक लागत नाही, वारा अडतो आणि दोघांना दोन बाजूंचा डोंगर दिसतो. कुमुदला जाऊन चौदा महिने झाले होते. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेली आणि आठ दिवसांत ती गेली. त्यानंतरही खोपकरांनी रविवार चुकवला नव्हता. फक्त आता ते एकटे जात.

तुळशीराम टेबलाजवळ सरकला. तो बोलला तेव्हा त्याचा आवाज बदललेला होता.

“अण्णा, आम्हीही जोडीजोडीनंच बसतो. पाठीला पाठ लावून. आमची जाकिटंही हेच शिकणार. मग एखाद्याचा जोडीदार दरीत गेला, तर वर राहिलेल्याची पाठ त्याच दिवशी उघडी पडेल.”

“म्हणूनच म्हणतोय, नापसंत,” खोपकर म्हणाले.

“नाही,” इरावती म्हणाली. “म्हणूनच पसंत करता येईल, कारण आता कारण कळलंय. अर्ध्याहून जास्त वेळा घडलं तरच कापड ते धरतं. तेव्हा तीन थांब्यांत एकदाच पाठ टेकायची. दोनदा मोकळं बसायचं. कापड कधीच जोडीदारावर विसंबणार नाही.”

“हे जमेल,” तुळशीराम म्हणाला. “तसाही माझ्या जोडीदाराचा, दगडूचा, कोपर टोचतो.”

खोपकर हसले नाहीत. “हिशेब जुळत नाही, बाई. चाळीस थांबे म्हणजे माझे आठ रविवार. कुमुद गेल्यावर दोन महिन्यांत कापडानं तिला विसरायला हवं होतं. चौदा महिने झालेत. एक तर तुमचं कापड विसरत नाही, किंवा तुमचा नियम खोटा आहे. दोन्हीतलं काहीही असलं तरी मी आठ माणसं त्यावर सोडणार नाही.”

हे बरोबर होतं आणि इरावतीला ते माहीत होतं. ती पुन्हा पडद्याकडे वळली. मागच्या रविवारचे पाच थांबे तिनं एकाखाली एक लावले. आदल्या रविवारचेही.

“अण्णा, तुमची पाठ सकाळी गार पडते?”

“नाही. दुपारीच.”

“कारण सकाळचे तीन थांबे तुम्हाला बाहेरून ऊब मिळतेय. अजूनही. पाठभर नाही, पाठीच्या मध्यावर, वितीएवढी. दुपारच्या दोन थांब्यांना मिळत नाही. पाचात तीन. चाळिसात चोवीस. म्हणजे अर्ध्याहून जास्त.”

“ऊन असेल. खडक तापतो.”

“सकाळी सातला? आणि या रविवारी धुकं होतं, तुम्हीच सांगितलंत.” इरावती उठली. “तुमची सॅक कुठंय?”

“माझी सॅक कशाला?”

“यादीप्रमाणे आहे ना? मग काय हरकत?”

सॅक दाराशीच होती. खोपकरांनी ती कधीच कोणाला उघडू दिली नव्हती, कारण कधी कोणी मागितलीच नव्हती. इरावतीनं ती टेबलावर रिकामी केली, अगदी त्यांच्याच पद्धतीनं, एकेक वस्तू काट्यावर ठेवत. पावसाळी जाकीट. लोकरीचा जादा सदरा. सुके मोजे, प्लास्टिकच्या पिशवीत. विजेरी. शिट्टी. औषधांची पुडी. तुळशीराम यादीवर खुणा करत होता.

शेवटी एक मोठी स्टीलची बाटली निघाली. जुनी, एकेरी पत्र्याची, बुडाशी चेपलेली. तिच्यावर लोकरीचा पायमोजा चढवलेला होता.

“अकराशे ग्रॅम,” इरावती म्हणाली. “तीही रिकामी.”

तुळशीरामनं यादी वरून खाली पाहिली, मग खालून वर. “ही नाहीये, अण्णा.”

“चहाची आहे.”

“चहाला थर्मास असतो. तुम्हीच मला घ्यायला लावलात. साडेतीनशे ग्रॅम. एकेरी पत्र्याची बाटली आणणाऱ्याला तुम्ही परत पाठवलं होतंत.”

“कुमुदची आहे. तिची बोटं लगेच गार पडायची. थर्मास बाहेरून तापत नाही, म्हणून तिला हीच लागायची.”

“आणि आता?” इरावतीनं हळूच विचारलं. “थांब्याला ही कुठे ठेवता?”

खोपकरांनी बाटली हातात घेतली. आपण काय करतो हे त्यांना पहिल्यांदा दिसत होतं. बसतो. बाटली काढतो. आपला अर्धा चहा पितो. उरलेला अर्धा तसाच ठेवून झाकण लावतो. आणि बाटली दगडावर पाठीमागे ठेवून तिला टेकतो.

“मागे,” ते म्हणाले. “घरंगळू नये म्हणून.”

“किती वाजेपर्यंत गरम राहते?”

“अकरा. साडेअकरा.”

म्हणजे तीन थांबे. इरावतीनं पडद्यावरच्या सकाळच्या थांब्यांकडे पाहिलं. कापड विसरत नव्हतं असं नाही. दर रविवारी, तीन वेळा, खोपकर त्याला सांगत होते की ती आहे.

तुळशीरामनं लाडवांचा डबा उगाच इकडून तिकडे सरकवला.

“उपाय दोन आहेत,” इरावती म्हणाली. “कापड साठ अंशांच्या पाण्यात धुतलं की दहा मिनिटांत कोरं होतं. सगळंच जातं. तीन वर्षं.”

“आणि दुसरा?”

“बाटली मागे ठेवायची नाही. चोवीसवरून वीसवर यायचंय, म्हणजे उबेचे चार जुने थांबे गळायला हवेत, आणि त्यांच्या मधे दुपारचे दोन येतात.” तिनं बोटांवर मोजलं. “सहा थांबे पाठ गार पडेल. सातव्याला पडता कामा नये. पडली, तर माझा नियम खोटा. तुम्ही नापसंत लिहा, मी एक शब्द बोलणार नाही.”

“फक्त सहा?”

“फक्त सहा.”

खोपकर जाकीट उचलून घडी घालू लागले. “धुवायचं नाही,” ते म्हणाले. “उद्या निघू. तुम्ही चला बरोबर. पण ते बूट चालायचे नाहीत. आणि ओढणी घरी ठेवा.”

दोन दिवस ते अकोले तालुक्यातल्या डोंगरावर चालले. डिसेंबर होता आणि माथ्यावर बोचरा वारा होता. पहिल्या थांब्याला खोपकर सॅक उतरवून दगडावर बसले, नेहमीप्रमाणे अर्धा दगड मोकळा सोडून. बाटली त्यांनी समोर ठेवली, जिथे ती दिसेल. पाठीचं कापड बसलं. घामावरून वारा फिरला.

“गार?” इरावतीनं विचारलं.

“हो.”

“एक,” तिनं लिहिलं.

दुसऱ्यालाही तसंच. तिसऱ्याला तसंच. दुपारचे दोन थांबे तर सवयीचेच होते. रात्री पायथ्याच्या शाळेत झोपताना खोपकरांनी जाकीट उशाशी ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याच थांब्याला, म्हणजे सहाव्या, थंडी इतकी होती की त्यांचे दात वाजले. इरावतीनं आपली शाल पुढे केली.

“नको. चाचणीत ढवळाढवळ नको.”

“मरू नका म्हणजे झालं. कागदावरची सही राहून जाईल.”

सातवा थांबा खिंडीत होता. वारा सरळ अंगावर येत होता. याच खडकावर कुमुद नेहमी पूर्वेकडे तोंड करून बसायची, ते पश्चिमेकडे. खोपकरांनी सॅक उतरवली आणि बसले. इरावती घड्याळ घेऊन समोर उभी राहिली.

एक मिनिट गेलं. दोन. खोपकर पाठ ताठ करून थंडीची वाट पाहत होते. तीन मिनिटांनी त्यांनी हात मागे घातला. कापड जाड होतं, फुगलेलं. पाच मिनिटं झाली. पाठ उबदार होती. त्यांची स्वतःची ऊब, आतल्या आत राहिलेली.

“गार?” इरावतीनं विचारलं.

त्यांनी पुन्हा एकदा पाठ चाचपली. थंडी यायची थांबली होती, आणि ती यावी असं त्यांना क्षणभर वाटलं होतं.

“नाही,” ते म्हणाले. “कापड चांगलं आहे.”

त्यांनी गुडघ्यावर कागद ठेवून पसंत लिहिलं, सही केली. खाली तीन थांब्यांत एकदाच टेकायचा नियम स्वच्छ अक्षरात लिहिला आणि त्यापुढे जोडलं, जोडीदार गेला तर उरलेल्याचं जाकीट त्याच दिवशी बदलावं. मग यादी काढली आणि आपल्या नावापुढे शेवटची वस्तू लिहिली. बाटली, एक, अकराशे ग्रॅम.

“यादीत घेतलीत?” इरावती म्हणाली. “तुळशीरामला कळलं तर तो जीन्ससुद्धा मागेल.”

“मागू दे. मिळणार नाही.”

त्यांनी बाटली उघडली. आपला अर्धा चहा प्यायले आणि उरलेला अर्धा झाकणात ओतून इरावतीपुढे धरला. ती मोकळ्या अर्ध्या दगडावर बसून प्यायली. मग खोपकरांनी बाटलीवर पायमोजा चढवला, ती सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात, पाठीपासून लांब ठेवली, आणि सॅक खांद्यावर घेतली. बाटलीचं वजन आता यादीत लिहिलं तेवढंच होतं.