नवरदेवाची सुरी

माझ्या पँटच्या उजव्या खिशात एक सुरी असते. चार बोटांचं पातं, काळ्या लाकडाची मूठ, वर चामड्याचं म्यान. घडीचा चाकू नव्हे, ही मिटत नाही. रोज सकाळी आधी ती खिशात जाते, मग चष्मा, मग किल्ल्या. दुर्गदबैलाच्या बाजारात माझं कापडाचं दुकान आहे, गठ्ठ्यांची शिवण उसवायला लागते, असं मी विचारणाऱ्याला सांगतो. मॉलच्या दारातला रखवालदार खिशाकडे बोट दाखवून ‘एन्री इदु?’, हे काय आहे, असं कन्नडमध्ये म्हणाला, तेव्हाही हेच सांगितलं होतं. पांढरे केस बघून बहुतेक जण सोडून देतात. जे सोडत नाहीत, तिथे मी जात नाही. चार-पाच वर्षांत रेल्वेत बसलेलो नाही. भावाच्या नातीचं बारसं पुण्याला होतं, त्याला गुडघ्याचं कारण दिलं.

गठ्ठ्यांसाठी दुकानात वेगळी कातर आहे. तुम्हाला खरं सांगायला हरकत नाही. दिवा मात्र राहू द्या, हल्ली मला अंधारात बोलायला जमत नाही.

ही सुरी माझ्या मुलाची, किरणची. आमच्याकडे नवरदेवाला हळद लागली, की ती उतरेपर्यंत त्याने सुरी जवळ बाळगायची असते. टोकाला लिंबू खोचायचं, जेवताना-झोपताना अंगावेगळी करायची नाही. ओल्या हळदीच्या अंगावर नाही नाही त्याची नजर असते म्हणतात, लोखंड असलं की ते जवळ येत नाही. सुरीचा आणखी एक नियम आहे. ती कुणाच्या हातात द्यायची नाही. खाली ठेवायची, घेणाऱ्याने उचलायची. माझी बायको लीला हे सगळं काटेकोर पाळायची आणि मी तिची चेष्टा करायचो. दुकानात दिवसभर कातरी या हातातून त्या हातात जातात, आमचं कुणाशी कुठे वैर झालं, असं मी तिला विचारायचो. मला फार हुशार वाटायचं तेव्हा.

लग्नाच्या आदल्या दिवशी, सकाळी रायापूरच्या आमच्या घरी किरणला हळद लागली. दुपारी अंबूताईचा, माझ्या थोरल्या बहिणीचा, धारवाड स्टेशनवरून फोन आला. गाडी लवकर पोचली होती आणि न्यायला कुणी नव्हतं. मोटारी सगळ्या हॉलकडे गेलेल्या. किरण म्हणाला, मी स्कूटरवर जाऊन आणतो. हळदीचा नवरदेव घराबाहेर पडत नाही, असं लीला म्हणाली. मी म्हणालो, अर्ध्या तासाने काय आकाश कोसळतंय. मग आठवलं, की निवडणुकीचे दिवस आहेत, स्टेशनवर यंत्र आहे, पोलीस खिसे तपासतात. मी हात पुढे केला आणि म्हणालो, ती इकडे दे.

किरणने लिंबू काढून खिडकीत ठेवलं. लीला आतून सांगत होती, खाली ठेव रे, खाली ठेव. त्याने माझ्याकडे बघून डोळा मारला आणि सुरी माझ्या तळहातावर ठेवली.

घरापासून दोन फर्लांगांवर, हमरस्त्याला लागायच्या आधी एक चिंचेचं झाड आहे. तिथे ट्रक आला. दवाखान्यातल्या माणसाने मला विचारलं, यांना कावीळ होती का? अंघोळ घातली तरी ती हळद गेली नाही. तसाच पिवळाधमक पोरगा सरणावर ठेवला. सुरी त्याच्यासोबत द्यायला हवी होती. पण माझे कपडे कुणीतरी बदलले होते आणि ती घरी खुंटीवरच्या पँटमध्ये राहिली. तेराव्याला हात घातला तेव्हा सापडली.

तेव्हापासून ती माझ्याजवळ आहे. महिनाभराने एका सकाळी तिच्या मुठीवर मला हळद दिसली. ओली. अंगठ्याएवढा ठसा. मी रुमालाने पुसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा होती. साबण लागला की हळद लाल होते, हे लीलाला काय सांगायला हवं! माझे रुमाल एकामागून एक लाल व्हायला लागले, तरी तिने कधी विचारलं नाही. एकदा कपाट उघडलं तर तिच्या साड्यांखाली माझे न धुतलेले रुमाल घडी घालून ठेवलेले. मग मीही बोललो नाही. रोज संध्याकाळी मी रुमाल तिच्या हातात द्यायचा, तिने तो नाकाशी धरायचा आणि आत न्यायचा. हसू नका, पण आम्हाला त्यात सुख होतं. पोरगा रोज येऊन जातो, असं आम्ही धरून चाललो होतो. तो का येतो, हे दोघांपैकी एकानेही विचारलं नाही.

ते विचारलं दीपश्रीने. दीपश्री म्हणजे जिच्याशी किरणचं लग्न ठरलं होतं ती मुलगी. धारवाडात माळमड्डीला राहते, शाळेत शिकवते. गेल्या माघात ती दुपारची दुकानात आली, गिऱ्हाइकं जाईपर्यंत बाकावर बसून राहिली. तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा विशाल, बँकेत आहे, चांगला आहे. मी म्हणालो, फार छान झालं, आणि मला ते खरंच वाटलं. तेव्हा ती रडायला लागली.

म्हणाली, “अप्पा, तो आमच्या फाटकाशी येतो.”

कोण, हे मी विचारलं नाही.

“दिवेलागणीला येतो. चार वर्षं झाली. काही करत नाही, काही बोलत नाही. उजवा हात असा पुढे धरून उभा राहतो... हळदीचा वास घरात येतो. आई खिडक्या लावून घेते.” तिने घरातली एक सुरी नियमाने खाली ठेवून पाहिली होती. त्याने वाकून बघितली आणि मान हलवली. “त्याला त्याचीच पाहिजे, अप्पा. ती मिळाल्याशिवाय त्याला पुढे जाता येत नाही. परवा विशाल मला सोडायला आला, तर तो विशालच्या हाताकडे बघत राहिला. गुरुवारी विशालची हळद आहे. त्याच्या हातात सुरी असणार. ती याने घेतली तर...”

पुढचं मला ऐकायचं नव्हतं. तिचं मागणं एवढंच होतं, की जिथे तो पडला तिथे गुरुवारच्या आत मी सुरी खाली ठेवावी आणि मागे न बघता परत यावं.

घरी येऊन लीलाला सांगितलं. मला वाटलं होतं ती नको म्हणेल. मी तसं धरूनच बसलो होतो. ती भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, “देऊन टाका. चार वर्षं पोर उभं आहे हो, पाय दुखले असतील.” तिने सुरी म्यानासकट ओंजळीत घेतली, कपाळाला लावली आणि माझ्यासमोर जमिनीवर ठेवली. मी उचलली. त्या रात्री ती इतकी रडली, की शेजारच्या बाई विचारायला आल्या.

आता मी जे केलं ते ऐका, आणि मग मला काय म्हणायचं ते म्हणा.

बुधवारी दुपारी दुकानातून उठून मी मागच्या गल्लीत गेलो. ज्या लोखंडी सामानाच्या दुकानातून ती सुरी घेतली होती, तिथूनच तशीच दुसरी घेतली. तेच पातं, तीच काळी मूठ. दुकानात परत येऊन मुठीला हळद चोळली, म्यान दगडावर घासून जुनं केलं. दीपश्रीच्या घरातली सुरी आपली नव्हे, असं किरणने ओळखलं होतं, हे मला ठाऊक होतं. पण मी ठेवलेली तो घेईल, असं वाटलं. बापाने दिलेल्या वस्तूची कोण पारख करत बसतं! मला तो जायला हवा होता, दीपश्रीसाठी, विशालसाठी. आणि रोज सकाळी मुठीवर अंगठाही हवा होता. दोन्ही हवं होतं मला.

दिवेलागणीला चिंचेखाली गेलो. हमरस्त्यावर बसगाड्या चालल्या होत्या, पण झाडाखाली त्यांचा आवाज कमी येत होता, कानांवर हात ठेवल्यासारखा. मी नवी सुरी मातीवर ठेवली. माझ्या खिशातली जुनी मांडीला लागत होती, गरम. वळलो आणि चालायला लागलो. दहा-बारा पावलं गेलो असेन. मागून ओल्या हळदीचा वास आला, इतका दाट की घशात बसला. कुणीतरी वाकताना गुडघा वाजला. किरणचा उजवा गुडघा वाजायचा, कॉलेजात खो-खो खेळताना दुखावला होता. मी थांबलो नाही. घरी लीलाने विचारलं, “दिलीत?” मी म्हणालो, “दिली.”

गुरुवारी सकाळी आम्ही दोघं धारवाडला विशालच्या हळदीला गेलो. दीपश्रीनेच आग्रहाने बोलावलं होतं. हॉलमध्ये सनई लावलेली, बायकांची गडबड. विशाल पाटावर बसला होता, सगळा माखलेला, आम्हाला बघून नमस्काराला वाकला. त्याच्या हातात सुरी होती, टोकाला लिंबू. आणि मांडीशी पाटावर दुसरी एक. काळी मूठ. दगडावर घासलेलं म्यान.

ही कुणी दिली, असं मी विचारलं.

विशाल म्हणाला, सकाळी दारात एक जण आला होता. कुणाचा तरी नवरदेव असेल, हॉलमध्ये आज दोन कार्यं आहेत ना, तोही हळदीने माखलेला होता. “माझ्या पायाशी ठेवली आणि म्हणाला, ही माझी नाही, तुम्हाला उपयोगी पडेल. मी म्हटलं, मग तुमची? तर म्हणाला, माझी अप्पांकडे आहे. विसरले असतील... देतील.” विशाल हसला. “भला माणूस. मला म्हणाला, आज बाहेर पडू नका हं.”

लीला माझ्या शेजारी उभी होती. तिने आधी पाटावरच्या सुरीकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे, मग माझ्या उजव्या खिशाकडे. त्या दिवसापासून ती माझ्याशी जेवायला वाढण्यापुरतंच बोलते.

दीपश्रीचं लग्न सुखाने झालं. तिच्या फाटकाशी आता कुणी येत नाही. माझ्या सुरीच्या मुठीवरही हळद दिसत नाही. लीलाच्या कपाटातले रुमाल फिके पडले, आणि वासही गेला. किरणला कुणाचं काही वाईट करायचं नव्हतं, नुसती स्वतःची वस्तू हवी होती. आणि मी त्याला फसवलं, तर तो म्हणतो विसरले असतील. याच्यापेक्षा त्याने माझा गळा धरला असता तर बरं झालं असतं.

त्या गुरुवारपासून रोज दिवेलागणीला मी दुकान सोडून चिंचेखाली जातो. खरी सुरी घेऊन. म्यानातून काढून मातीवर ठेवतो, मोठ्याने म्हणतो, घे बाळा, तुझीच आहे. मागे न बघता निघतो. आणि घरी येऊन खिशात हात घालतो, तर सुरी खिशात असते. आज दहा महिने झाले.

परवा सोमवारी लीला माझ्या नकळत मागून आली होती. रात्री ताट पुढे ठेवताना म्हणाली, “तो येतो. तुम्ही ठेवता तेव्हा वाकतो. पण तुम्ही हात काढत नाही.”

मी हात काढतो. तुम्हाला शपथेवर सांगतो, मी सुरी ठेवतो, हात काढतो, उठतो आणि चालायला लागतो. मला सगळं स्वच्छ आठवतं. लीलाला मी हेच सांगितलं. तिने माझा उजवा हात धरला, दिव्यासमोर उलटा केला आणि मूठ उघडली. हा बघा. दिवा जरा जवळ आणा. ही सोमवारची चीर, ही मंगळवारची, ही आजची, अजून ओली आहे. सगळ्या एकाच दिशेने गेल्यात, तळहाताकडून बोटांच्या टोकांकडे... कुणीतरी समोरून, हळूच, मुठीतलं पातं ओढावं तशा.